रीसायकलिंगचा बाजार सरकारी नियमांनी उभा राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चाकणच्या बाजूला प्लास्टिक रीसायकलिंगचा छोटा कारखाना टाकायचा विचार आहे. सर्क्युलर इकॉनॉमीच्या, म्हणजे वापरलेला माल पुन्हा पुन्हा फिरवायच्या अर्थव्यवस्थेच्या, नावाखाली सरकार एकामागून एक नियम आणतंय. ईपीआरमुळे, म्हणजे माल बाजारात आणणाऱ्यावरच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी टाकणाऱ्या नियमामुळे, मोठ्या कंपन्यांना रीसायकल माल घ्यावाच लागणार, शिवाय सर्टिफिकेट विकूनही पैसे मिळतात, असं ऐकतो. मग आता या धंद्याला खरंच बाजार तयार झालाय, की हे सगळं कागदावरच आहे?"

काही मालाला बाजार तयार होतोय, काहीला तो कागदावरच आहे. तुम्ही कोणत्या मालात हात घालणार यावर तुमचं सगळं गणित ठरेल. म्हणून सरकारने नेमकं काय केलंय आणि त्यातलं काय चालतंय, हे जरा खोलात जाऊन सांगतो.

पाण्याची रिकामी बाटली रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही. वेफर्सचं पाकीट मात्र पावसाळ्यात गटार तुंबेपर्यंत तिथेच असतं. दोन्हींना नियम लागू आहेत, दोन्हींवर कंपनीचं नाव छापलेलं आहे. फरक एवढाच की बाटलीला किलोमागे भाव आहे. बाटली उचल, असं कुठल्या अधिसूचनेने कचरावेचक बाईंना सांगितलेलं नाही. पलीकडे पॉलिस्टर धाग्याचे कारखाने फ्लेक्स, म्हणजे बाटल्यांचे बारीक तुकडे, घ्यायला तयार आहेत, त्यातून उशा-गाद्यांचं फायबर, गालिचे, टी-शर्टचं कापड होतं, म्हणून भंगारवाला भाव देतो आणि म्हणून बाटली उचलली जाते. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून त्याला घेणारा नाही.

या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर सरकारी धोरण वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: यातून नवा खरेदीदार उभा राहतो का? कारण आपल्याकडचे बहुतेक प्रयत्न दुसऱ्या टोकाला झालेत. ओला-सुका वेगळा करा, घंटागाडी आणा, वर्गीकरण केंद्र बांधा, जनजागृती करा. हे सगळं लागतंच, त्याला नावं ठेवत नाही. पण गोळा केलेल्या मालाला गिऱ्हाईक नसेल तर शेवटी डंपिंग ग्राउंडचा फक्त पत्ता बदलतो. हे जगाने २०१८ मध्ये पाहिलं. चीनने त्या वर्षाच्या सुरुवातीपासून २४ प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात घरोघरी वेगळे डबे होते, लोक शिस्तीने वर्गीकरण करत होते, गाड्या वेळेवर येत होत्या. फक्त गिऱ्हाईक गेलं. अमेरिकेतल्या काही गावांनी रीसायकलिंगचा कचरा उचलणंच थांबवलं.

आता आपल्या नियमांकडे येऊ. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. त्यात कंपन्यांची जबाबदारी लिहिलेली होती, पण किती टन, कधीपर्यंत, नाही केलं तर काय, हे मोघम होतं. खरा बदल झाला १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने. वेष्टनाचे चार वर्ग झाले: कडक प्लास्टिक म्हणजे बाटल्या, डबे, कॅन, मऊ प्लास्टिक म्हणजे पिशव्या, पाऊच, तिसरा वर्ग प्लास्टिकबरोबर दुसरा पदार्थ असलेल्या बहुस्तरीय वेष्टनाचा, म्हणजे एमएलपीचा, आणि चौथा कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा. कंपनी जितकं वेष्टन बाजारात आणते तितक्याची विल्हेवाट तिच्या गळ्यात आली. त्यातला किमान किती हिस्सा प्रत्यक्ष रीसायकल व्हायला हवा, हेही ठरलं. कडक प्लास्टिकसाठी २०२४-२५ मध्ये ५० टक्के, आणि वाढत वाढत २०२७-२८ पासून ८० टक्के. मऊ प्लास्टिक आणि एमएलपीसाठी ३० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत.

पण तुमच्या कामाचं कलम याच्या पुढे आहे. नव्या वेष्टनात रीसायकल प्लास्टिक किती वापरायचं, तेही या दुरुस्तीने ठरवून दिलंय. कडक प्लास्टिकमध्ये २०२५-२६ ला ३० टक्के, मग दरवर्षी दहा-दहाने वाढून २०२८-२९ पासून ६० टक्के. मऊ प्लास्टिकमध्ये आधी १०, नंतर २०. एमएलपीत ५ आणि नंतर १०. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीत बाजार घडवण्याची ताकद असलेलं कलम हेच. 'इतका कचरा रीसायकल झाल्याचं दाखवा' म्हटलं की कंपनी कागद शोधते. 'तुमच्या बाटलीत ३० टक्के रीसायकल दाणा, म्हणजे कचरा वितळवून पुन्हा बनवलेलं प्लास्टिक, हवा' म्हटलं की खरेदी विभागाला पुरवठादार शोधावा लागतो, नमुने मागवावे लागतात, वर्षाचा करार करावा लागतो. मला पूर्वी कंपन्यांच्या पर्यावरण विभागातून फोन यायचे, आता खरेदी विभागातून येतात.

यातही पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची, गोष्ट वेगळी आहे. शीतपेय किंवा पाण्याच्या बाटलीत रीसायकल पेट वापरायचं तर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, अटी पाळाव्या लागतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनात रीसायकल प्लास्टिक वापरायला परवानगी मिळाली तीच मुळी २०२२ च्या सुमारास. त्यासाठी लागणारं तंत्र, म्हणजे फ्लेक्स अति स्वच्छ करून निर्वातात, उच्च तापमानाला त्याचा दर्जा पुन्हा वर आणणं, हे कोट्यवधींचं काम आहे. छोट्या कारखान्याने तिकडे पाहूच नये. तुमच्यासाठी संधी आहे ती खाद्येतर कडक वेष्टनात: शाम्पूच्या बाटल्या, इंजिन ऑइलचे कॅन, डिटर्जंट-फिनेलचे डबे, रंगाच्या बादल्या. एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथिन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या कडक डब्यांच्या प्लास्टिकचा चांगला धुतलेला, एकरंगी, वास नसलेला दाणा. या कंपन्यांनाही तेच टक्के लागू आहेत आणि इथे अन्नसुरक्षेची पायरी नाही. 'वास नसलेला' हे मुद्दाम लिहिलं. नमुना नापास होण्याचं ते फार मोठं कारण आहे, आणि यंत्र विकणारा ते कधी सांगत नाही.

आता नियमांच्या टिकाऊपणाबद्दल. सरकारने मुदत घातली म्हणजे ती पाळली जाईल, असं गृहीत धरून कर्ज काढू नका. २०१६ च्या नियमांत रीसायकल न होणारं एमएलपी दोन वर्षांत बंद करायचं होतं. २०१८ मध्ये दुरुस्ती आली. जे रीसायकलही होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच एमएलपी आता बंद करायचं होतं. सिमेंटच्या भट्टीत काहीही जळतं, त्यामुळे बंद करायला काही उरलंच नाही. एका शब्दप्रयोगाने सगळा वर्ग सुटला. रीसायकल हिश्श्याच्या टक्केवारीवरही असा दबाव येतच राहणार, कारण दर्जेदार दाणा पुरेसा मिळत नाही ही कंपन्यांची तक्रार अगदीच खोटी नाही.

सर्टिफिकेटचं आकर्षण तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसतंय, म्हणून त्यावर जरा थांबतो. रीसायकलरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, तयार माल विकल्याची बिलं चढवायची, त्या वजनाची सर्टिफिकेटं तयार होतात आणि ती कंपन्यांना विकता येतात. कल्पना उत्तम आहे. ज्या मालाचं रीसायकलिंग तोट्यात जातं, तिथे तोटा भरून काढायला कंपनीचे पैसे येतात. मात्र पोर्टलला माल दिसत नाही, बिल दिसतं. २०२३ मध्ये मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या कारखान्यांनी मिळून सुमारे ६ लाख बोगस सर्टिफिकेटं काढल्याचं उघड झालं. बोगस सर्टिफिकेट काढायला खर्च शून्य. ते कितीही स्वस्त विकलं तरी नफाच. अशा बाजारात खऱ्या रीसायकलरचं सर्टिफिकेट कोण घेणार? तुम्ही प्रामाणिकपणे शंभर टन धुऊन वितळवलेत तरी तुमच्या सर्टिफिकेटचा भाव त्या बोगसवाल्यानेच ठरवलेला असतो.

यावर २०२४ च्या दुरुस्तीत उपाय आला. सर्टिफिकेटचा भाव पर्यावरण भरपाईच्या, म्हणजे जबाबदारी न पाळणाऱ्याला भराव्या लागणाऱ्या रकमेच्या, ३० ते १०० टक्के या पट्ट्यात ठेवायचा. खालची मर्यादा असली की बोगसवाला भाव पाडू शकत नाही. असाच प्रयोग ई-कचऱ्यात झाला. तिथे घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये ठरवले गेले, आणि सॅमसंग, एलजी, डायकिन, व्होल्टास यांसारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कंपन्यांचं म्हणणं, भाव बाजाराला ठरवू द्या. सरकारचं म्हणणं, भाव इतका पडला की ई-कचरा पुन्हा गल्लीबोळात आम्लात बुडवून सोनं काढणाऱ्यांकडे जातो. मी सरकारच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर: तपासणी खरी हवी. तळाचा भाव आणि ढिली तपासणी एकत्र आली तर बोगसवाल्याला हमीभाव दिल्यासारखंच होईल.

म्हणून सर्टिफिकेटचं उत्पन्न तुमच्या प्रकल्प अहवालात शून्य धरा. आलं तर वरकड. निव्वळ दाणा विकून हप्ता फिटत नसेल तर तो प्रकल्प करू नका. बँकवाले सर्टिफिकेटचा कॉलम भरून मागतील, सल्लागार भरून देतील, तरीही.

दाण्याचा भाव मात्र तुमच्या हातात नाही आणि दिल्लीच्याही नाही. तो कच्च्या तेलाच्या मागे जातो. तेल स्वस्त झालं की व्हर्जिन, म्हणजे तेलापासून बनलेला नवा कोरा, दाणा स्वस्त होतो, आणि मग तुमचा दाणा कोण घेईल? २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा बऱ्याच रीसायकलरच्या गोदामांत माल तसाच पडून होता. भंगाराचा भाव मात्र तितक्या वेगाने खाली येत नाही, कारण तो गोळा करणाऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे. ब्रिटनने यावर कराचा मार्ग काढला. एप्रिल २०२२ पासून ज्या प्लास्टिक वेष्टनात ३० टक्क्यांपेक्षा कमी रीसायकल माल आहे त्यावर टनाला २०० पौंड कर सुरू केला, पुढे तो वाढवतही नेला. व्हर्जिन कितीही स्वस्त झालं तरी त्याच्या डोक्यावर तेवढा बोजा राहतोच. आपल्याकडे असा कर नाही.

आपल्याकडे कराने उलटंच केलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. व्हर्जिन दाण्याला १८, भंगारालाही १८. कागदोपत्री यात नुकसान नाही, कारण पुढचा माणूस क्रेडिट घेतो, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करतो. जमिनीवरची साखळी बघा. कचरावेचकाकडून छोटं दुकान, तिथून मोठं गोडाऊन, तिथून कारखाना. पहिल्या दोन पायऱ्यांवर ना नोंदणी, ना बिल, सगळं रोखीत. कुठेतरी एका पायरीवर कोणाला तरी पक्कं बिल फाडावं लागतं आणि तिथे मागचं क्रेडिट काहीच नसल्याने पूर्ण १८ टक्के एकदम बसतात. शेजारचा माणूस तोच माल कच्च्या बिलावर घेऊन बिनबिलाच्या बादल्या-टमरेलं बनवून विकतो. तो तुमच्यापेक्षा भंगाराला किलोमागे दोन रुपये जास्त देऊ शकतो, कारण कर भरत नाही. म्हणजे ईपीआरच्या पोर्टलवर नोंदणी केलेला, बिलाने चालणारा माणूस कच्चा माल विकत घेण्याच्या शर्यतीतच मागे पडतो. धातूच्या भंगाराला १० ऑक्टोबर २०२४ पासून वेगळी सोय केली गेली: बिगरनोंदणीवाल्याकडून घेताना नोंदणीकृत खरेदीदारानेच कर भरायचा. प्लास्टिकमध्येही तसं, किंवा सरळ दर खाली, असं काहीतरी हवं. पर्यावरण मंत्रालय एका हाताने बाजार उभा करतं आणि कर परिषद दुसऱ्या हाताने त्याची वाट अडवते, ही या धोरणातली सगळ्यात मोठी विसंगती आहे, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं.

डिपॉझिट योजनेबद्दलही लोक विचारतात. आपल्या राज्याने २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत ही कल्पना आणली होती. पेट बाटलीमागे एक-दोन रुपये, दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे, अशी परतफेडीची किंमत वेष्टनावर छापायची होती. बंदीचा गाजावाजा झाला, दंडाच्या पावत्या फाटल्या, पण ५० पैसे परत घेतल्याचं तुम्हाला आठवतंय का? दूधवाल्याकडे रिकाम्या पिशव्या ठेवायला जागा नाही, मोजायला माणूस नाही, हिशेब ठेवणारी मधली संस्थाच नाही. उलट तमिळनाडूने २०२२ मध्ये निलगिरीत दारूच्या बाटलीवर १० रुपये डिपॉझिट लावलं आणि ते चाललं. तिथे दारू विकणारं एकच सरकारी महामंडळ आहे, डोंगराळ जिल्ह्याचे रस्ते मोजके आहेत आणि १० रुपयांसाठी माणूस दोन पावलं मागे येतो. गोव्याने ऑगस्ट २०२४ मध्ये नष्ट न होणाऱ्या वेष्टनांसाठी स्वतःची डिपॉझिट योजना अधिसूचित केली, तीही छोट्या राज्याच्या हिशेबाने शहाणपणाची आहे. पण तिथे हजार प्रकारची वेष्टनं आणि असंख्य दुकानं, शिवाय शेजारच्या सिंधुदुर्गातून आणि कारवारकडून येणारा माल. व्यापाऱ्यांनी आक्षेप घेतले यात नवल नाही.

पुण्यात कारखाना काढताय तर 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा विषय टाळता येणार नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही १९९३ पासूनची कचरावेचकांची संघटना, तिच्यातूनच ही संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते. तुमच्या दाण्याचा दर्जा तुमच्या यंत्रापेक्षा जास्त या बायकांच्या हातात आहे. खरकट्यात भिजलेली पिशवी तुम्ही तीनदा धुतली तरी वास जात नाही, आणि धुण्याचं पाणी, वीज, सांडपाणी प्रक्रिया हा सगळा खर्च तुमचाच. सुका माल पहिल्याच हाताला कोरडा वेगळा झाला तर तोच माल निम्म्या त्रासात होतो. ईपीआरमधून कंपनीचा पैसा रीसायकलरपर्यंत येतो, पण त्यातला ठरावीक हिस्सा वेचकापर्यंत गेलाच पाहिजे असं बंधन नाही. मला हे नुसतं अन्यायाचं वाटत नाही, धंद्याच्या दृष्टीने आंधळेपणाचं वाटतं. तुम्ही मात्र आपल्यापुरतं करू शकता: स्वच्छ, कोरड्या मालाला वेगळा, ठरलेला भाव द्या आणि काट्यावर प्रामाणिक राहा. भंगाराच्या धंद्यात काट्याची ख्याती पंचक्रोशीत पसरायला आठवडा लागत नाही.

सरकार स्वतः गिऱ्हाईक झालं तर? हा मार्ग आपण फारच कमी वापरलाय. डांबरी रस्त्यात प्लास्टिक टाकण्याचं तंत्र मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं, त्यावर इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं २०१३ पासून आहेत. कुठेच न खपणाऱ्या पिशव्यांना त्याने वाट मिळते, पण ईपीआरच्या हिशेबात ते रीसायकलिंग धरत नाहीत, विल्हेवाट धरतात, आणि ते बरोबरच आहे. रस्त्यात गेलेलं प्लास्टिक पुन्हा फिरत नाही. बांधकामाच्या राडारोड्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना राडारोड्यापासून बनलेला माल ठरावीक प्रमाणात वापरायला सांगितलंय, ते मला जास्त आशादायक वाटतं. तिथे पहिल्याच दिवसापासून खरेदीदारावर बंधन आहे. महापालिकांनी आपल्या निविदांत कचऱ्याचे डबे, बाक, चेंबरची झाकणं यांत रीसायकल प्लास्टिकचं प्रमाण लिहिलं तर राज्यभरातल्या छोट्या कारखान्यांना काम मिळेल. एक ओळ लिहायची आहे, पण निविदा मसुदे वर्षानुवर्षं तेच फिरतात.

आता तुमच्या निर्णयाकडे. एमएलपीत जाऊ नका, पेट बॉटल-टू-बॉटलमध्ये, म्हणजे जुन्या बाटलीपासून नवी बाटली करण्यात, जाऊ नका. मऊ प्लास्टिकमध्ये एलडीच्या (लो डेन्सिटी पॉलिथिनच्या) स्वच्छ औद्योगिक फिल्मला, म्हणजे चाकणच्याच कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पन्नीला, बरा भाव आहे. मात्र तो माल घ्यायला जुने ठेकेदार आधीच दारात बसलेले आहेत. काळ्या पाइपसाठी मिक्स माल करणार असाल तर मालेगावशी स्पर्धा आहे. तिथल्या जागा, मजुरी आणि अनुभव यांच्यासमोर चाकणचं भाडं टिकणार नाही. तुमच्या जागेत बसणारं काम म्हणजे एचडी-पीपीचा रंगानुसार वेगळा केलेला दाणा.

परवानग्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उभारणी आणि मग चालवण्याचं संमतिपत्र, केंद्रीय पोर्टलवर रीसायकलर म्हणून नोंदणी, मालावर आयएस १४५३४ या भारतीय मानकाप्रमाणे खूण. सांडपाण्याची टाकी आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरा, नंतर जागा सापडत नाही. बोगस सर्टिफिकेटांच्या प्रकरणानंतर तपासणी कडक झालीय, त्यामुळे वीजबिलाचे युनिट, काट्याच्या पावत्या, खरेदी-विक्रीची बिलं आणि यंत्राची क्षमता हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. दहा टनांची यंत्रणा आणि तीन टनांचं वीजबिल, यावर कोणीही बोट ठेवेल.

आणि यंत्राची ऑर्डर देण्याआधी हे करा. दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर दोन-तीन टन दाणा काढून घ्या, तो डिटर्जंट किंवा ल्युब्रिकंटच्या डबे बनवणाऱ्याकडे द्या आणि त्याच्या मोल्डिंग यंत्रावर चालवून बघा. वितळ-प्रवाह (वितळल्यावर माल किती सहज वाहतो), ओलावा, वास, रंग यांचा त्याचा लेखी अहवाल मागा. सलग तीन खेपा पास झाल्या आणि त्याने वर्षभराचं प्रमाण व भावाचं सूत्र, म्हणजे व्हर्जिनच्या भावापेक्षा किती टक्के कमी, कागदावर दिलं, तर जागेचा भाडेकरार करा. कुठल्याही खेपेला तो 'बघू' म्हणाला, तर अजून नमुने काढा, यंत्र थांबू शकतं.